शँपेनच्या घरगुती उत्पादकाकडे जायचं तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये पॅरिसला जाताय, एक दिवस शँपेन भागासाठी ठेवलाय, मोठ्या ब्रँडची तळघरं पाहण्यापेक्षा छोट्या कुटुंबाकडे जावं असं वाटतंय, पण फ्रेंच येत नाही, आणि चाखलं की विकत घ्यावंच लागतं का, ही धास्ती आहे.

खुशाल जा. एकच दिवस हाताशी असेल तर मीही तेच करेन. फक्त नाशिकला आपण गाडी वळवून थेट टेस्टिंग रूममध्ये शिरतो, तसं तिथे चालत नाही. ही बहुतेक नवरा-बायको, एखादा मुलगा आणि एखाद-दुसरा गडी एवढ्यांवर चालणारी घरं. तो बागेत ट्रॅक्टरवर असतो, ती ऑर्डरची खोकी भरत असते. तुमच्यासाठी कुणीतरी हातातलं काम टाकून येणार. म्हणून दोन-तीन आठवडे आधी ईमेल करा. भाषांतराच्या ॲपमधून काढलेल्या चार ओळी पुरतात: किती जण, कोणता दिवस, इंग्रजीत बोललेलं चालेल का. वेळ सकाळी दहाची किंवा दुपारी अडीचची मागा. बारा ते दोन जेवणाची वेळ, ती मागूच नका. रविवारी बहुतेक ठिकाणी बंद. उशीर होणार असेल तर फोन करा, आणि जायचं रद्द झालं तर कळवा. न कळवता दांडी मारणाऱ्यांना ही मंडळी फार वैतागलेली आहेत.

शोधायचं कसं? लेबलच्या तळाशी बारीक अक्षरांत एक क्रमांक असतो, त्याआधी दोन अक्षरं. ‘आरएम’ म्हणजे स्वतःच्याच द्राक्षांची वाइन स्वतः करणारा. बाहेरची द्राक्षं त्याला जेमतेम ५ टक्क्यांपर्यंत घेता येतात. ‘एनएम’ म्हणजे द्राक्षं विकत घेऊ शकणारा, बहुतेक बडे ब्रँड यातच. ‘आरसी’वर नाव शेतकऱ्याचं असतं, पण वाइन सहकारी संस्थेत झालेली असते. मात्र ‘आरएम’ म्हणजे उत्तमच, असं समजू नका. कंटाळवाणी वाइन करणारे शेतकरीही भरपूर आहेत.

गाव निवडताना रेल्वे बघा. पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनवरून शँपेन भागातल्या एपर्नेला थेट गाडीने साधारण सव्वा तास लागतो. एपर्ने ते रँस या छोट्या मार्गावर अई आणि रिली-ला-माँतान्य ही द्राक्षांची गावं स्टेशनसकट आहेत. गाड्या थोड्या असतात, त्यामुळे परतीची वेळ आधीच बघून ठेवा. अई हे पिनो न्वार या काळ्या द्राक्षाचं नावाजलेलं गाव. शार्दोने हे पांढरं द्राक्ष आवडत असेल तर एपर्नेच्या दक्षिणेला क्रामाँ, आविझ, ल मेनिल. तिकडे टॅक्सी किंवा भाड्याची गाडी लागेल. फ्रान्समध्ये चालकाच्या रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोलपासून दंड बसतो, म्हणून गाडी चालवणाऱ्याने प्रत्येक घोट थुंकायचा. टेबलावर त्यासाठीच भांडं ठेवलेलं असतं. आपल्याला ते जड जातं, पण तिथे कुणी वळूनही बघत नाही. दिवसात दोन घरं पुरे. तिसऱ्या घरी जीभ काम करत नाही.

आता आत काय बघाल. दाब यंत्र दाखवतील. परंपरेने एका घाण्यात ४००० किलो द्राक्षं. त्यातून पहिला २०५० लिटर रस चांगला, पुढचा ५०० लिटर दुय्यम. मग तळघर. वाइन बाटलीत भरताना साखर आणि यीस्ट घालतात, बाटलीतच ती दुसऱ्यांदा आंबते आणि वायू आत कोंडला जातो. साध्या शँपेनलाही बाटलीत भरल्यापासून किमान १५ महिने थांबावंच लागतं. चांगली घरं त्याहून बरीच जास्त थांबतात. मेलेल्या यीस्टचा साका हळूहळू फिरवत बाटलीच्या मानेत आणतात.

तो साका हाताने काढून दाखवाल का, असं जरूर विचारा. आजकाल मान गोठवून यंत्राने काढतात, पण जुन्या घरांत हे कसब अजून आहे. बाटली उलटी धरलेली असते, बुडाशी वर एक हवेचा बुडबुडा. माणूस बाटली वर आणू लागतो, बुडबुडा मानेकडे सरकतो, आणि तो साक्यापाशी पोचायच्या नेमक्या क्षणी टोपण उडवतो. फाट् आवाज होतो, साका भिंतीवर, अंगठा तोंडावर. सांडते ती जेमतेम घोटभर. क्षणभर लवकर झालं तर अर्धी बाटली वाया, उशीर झाला तर साका पुन्हा वाइनमध्ये.

चाखताना सुरुवात साध्या, कोरड्या वाइनपासून होते, गोड शेवटी. निमुळत्या उभ्या ग्लासपेक्षा पोटाला फुगीर ग्लास मिळाला तर बरा, वास कळतो. आधी हुंगा, मग बोला. दोन प्रश्न विचारा: साका कधी काढला, आणि शेवटी साखर किती घातली. लिटरमागे १२ ग्रॅमच्या आत असेल तर ‘ब्रूत’, ३ च्या आत असून वरून काहीच घातलेलं नसेल तर ‘ब्रूत नात्यूर’. एकच वाइन दोन वेगळ्या साखरेत ठेवली असेल तर दोन्ही शेजारी मागा. अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षा त्यात जास्त कळतं.

भाषेची काळजी करू नका. द्राक्षांबद्दल बोला. नाशिकला वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, पण पीक एकदाच घेतात, हे ऐकून तिथले शेतकरी हातातला ग्लास खाली ठेवतात. त्यांच्या वेली थंडीत झोपतात, जूनमध्ये फुलोरा येतो आणि त्यानंतर साधारण शंभर दिवसांनी तोडणी, तीही नियमानुसार हातानेच. नारायणगावला ऐंशीच्या दशकात शँपेनसारखीच, बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली फेसाळ वाइन होऊ लागली होती, हेही सांगा.

विकत घेण्याचं म्हणाल तर सक्ती नाही. काही ठिकाणी चाखण्याचे पैसे घेतात आणि बाटली घेतली की वळते करतात. किती ते ईमेलमध्येच विचारा. फुकट पाजलं असेल तर मात्र एक-दोन बाटल्या न घेता उठणं मला तरी बरं दिसत नाही. तासभर त्यांनी तुमच्यासाठी दिलेला असतो. भारतात येताना माणशी २ लिटरपर्यंत करमुक्त, म्हणजे प्रत्येकी दोन बाटल्या. कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेच्या मधोमध ठेवा. तिसरी घेतलीत तर पॅरिसलाच संपवा.