‘तंबाखू घेता का?’ हा रकाना खरा का भरायचा

मागे एका उत्तरात मी ओघात लिहिलं होतं की आरोग्याच्या कुठल्याही फॉर्मवर तंबाखूचा रकाना सगळ्यात जास्त खोटा भरला जातो. त्यावर इतकी पत्रं आली की ह्या वेळचं सदर त्याच्यावरच. काही पत्रं फार लांब होती, ती थोडी कापली आहेत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. नोंदणीच्या खिडकीवर, मग नर्सने, मग भूल देणाऱ्या डॉक्टरांनी, जो तो एकच विचारतोय, सिगरेट तंबाखू काही? १२ वर्षं झाली सोडून, हे सांगितलं तरी परत ‘किती ओढायचात, किती वर्षं’ आहेच. शेवटी वैतागून मी चौथ्याला ‘कधीच नाही’ सांगून मोकळा झालो. गुडघ्याचा आणि सिगरेटचा काय संबंध हो?

उत्तर : वैताग समजतो, पण ते चौथं उत्तर ऑपरेशनच्या आधी जाऊन दुरुस्त करून या, खरंच सांगते. गुडघ्याचा संबंध आहेच. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवून बसतो, म्हणजे ज्या जखमेला भरून यायचंय तिलाच रक्त कमी आणि त्या रक्तात ऑक्सिजनही कमी. टाके उशिरा भरतात, जखम चिघळायची शक्यता वाढते, हाड जुळायला वेळ लागतो. म्हणून जो अजून ओढतो त्याला निदान ४ आठवडे आधी बंद करा म्हणतात. तुमचा हा भाग १२ वर्षांपूर्वीच मागे पडलाय, ते फार चांगलं केलंत. पण फुप्फुसाचं जे नुकसान एकदा झालं ते सगळंच्या सगळं भरून येत नाही, आणि भूल देणाऱ्याला तुमचा श्वास काही तास स्वतःच्या हातात घ्यायचा असतो. त्याला ‘कधीच नाही’ आणि ‘२० वर्षं ओढली, १२ वर्षांपूर्वी सोडली’ ही दोन वेगळी माणसं दिसतात.

आणि किती-किती वर्षं विचारतात त्याचा हिशोब असा. दिवसाला २० सिगरेटचं एक पाकीट, असं वर्षभर, म्हणजे एक पॅक-इयर. १० सिगरेट रोज, २० वर्षं, म्हणजे १० पॅक-इयर. सोपं आहे, पण ह्यात एक गोष्ट झाकली जाते बघा. १० वर्षं रोज ४० ओढणारा आणि ४० वर्षं रोज १० ओढणारा, दोघांचा आकडा २०च येतो, पण फुप्फुसाच्या कॅन्सरच्या बाबतीत किती ओढली ह्यापेक्षा किती वर्षं ओढली ह्याला जास्त वजन आहे, म्हणजे दुसऱ्याचा धोका जास्त. म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळे सांगा, गुणाकार त्यांना करू द्या. अमेरिकेत २०२१ पासूनच्या शिफारशीनुसार ५० ते ८० वयाच्या ज्या माणसाचे २० पॅक-इयर भरतात आणि जो अजून ओढतो किंवा ज्याला सोडून १५ वर्षं झालेली नाहीत, त्याची फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी दरवर्षी कमी किरणांच्या सीटी स्कॅनने तपासणी करायची असते. तिथे रकान्यात ‘नाही’ लिहिणाऱ्याला तो स्कॅन सुचवलाच जात नाही.

प्रश्न : मॅडम, बाबांनी सिगरेट सोडली, आम्ही सगळे खूष. पण दहाएक दिवसांत हात थरथरायला लागले, छातीत धडधड, रात्र रात्र झोप नाही. दम्याच्या गोळ्या आधीपासून चालू आहेत, त्यात काहीच बदल नाही. सगळे म्हणतात सवय सुटल्याचा त्रास आहे, होईल कमी. खरं आहे का?

उत्तर : असू शकतं, पण आजच डॉक्टरांना फोन करा आणि गोळीचं नाव वाचून दाखवा. त्यात थिओफिलिन हे दम्यावरचं औषध असेल तर वाट बघायची नाही.

माझ्या शिकाऊ दिवसांतला एक पेशंट डोळ्यांपुढे येतो. वॉर्डात भरती झालेला, साठीचा माणूस, वॉर्डात सिगरेट अर्थातच बंद. आठव्या दिवशी राउंडला गेले तर पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून बसला होता आणि तरी पाणी चादरीवर सांडत होतं. नाडी १३०. आम्ही सगळे निकोटिनची तलफ म्हणून बघत होतो, सिनियर सिस्टरने मात्र गोळ्यांचा कागद उचलला आणि म्हणाली, हा बाहेर ओढत होता तेव्हाचाच डोस चालू आहे की. रक्तात थिओफिलिन तपासलं, भलतंच वाढलेलं.

होतं असं की धुरातले काजळीसारखे जे पदार्थ असतात त्यांनी लिव्हरमधलं एक एन्झाइम जोरात कामाला लागतं आणि ते काही औषधं भराभर फोडून बाहेर टाकतं, त्यामुळे ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. सिगरेट बंद झाली की साधारण आठवड्यात एन्झाइम आपल्या मूळच्या चालीवर येतं, डोस मात्र तोच, मग औषध रक्तात साचतं. थिओफिलिनसारखंच क्लोझापिन आणि ओलान्झापिन ह्या मनाच्या आजारांवरच्या गोळ्यांचं, आणि कॉफीतल्या कॅफिनचंही. सोडलेल्या माणसाला नेहमीचीच कॉफी झोपू देत नाही, त्याला वाटतं सिगरेटवाचून चिडचिड होतेय, आणि तो परत पेटवतो. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही, म्हणजे सिगरेट सोडायला मदत म्हणून त्वचेवर निकोटिनचे पट्टे लावले तरी डोस कमी करावा लागू शकतो. पण बाबांचा डोस घरी बसून कमी करू नका, आणि त्रास थांबावा म्हणून ‘एखादी ओढू दे’ हे तर अजिबात नको. डोस डॉक्टर ठरवतील, त्यांना फक्त कळायला हवं की सिगरेट सुटली आहे, आणि कुठल्या तारखेला सुटली.

प्रश्न : कुठल्याही संशोधनाची बातमी वाचली की त्यात असतंच, ‘धूम्रपानाचा प्रभाव वजा करून’. कॉफीवरचा अभ्यास असो, झोपेवरचा असो, भाज्यांवरचा असो. हे वजा करणं म्हणजे नक्की काय, आणि सगळीकडे सिगरेट मध्ये का येते?

उत्तर : हा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं. तंबाखू शरीरात इतक्या ठिकाणी हात घालते, फुप्फुस, हृदय, मेंदूच्या रक्तवाहिन्या, मूत्राशय, हाडं, दात, गर्भातलं बाळ, की दुसऱ्या कशाचाही परिणाम मोजायला बसलात तर ती आधीच तिथे हजर असते. त्यात ओढणारी माणसं बाकीच्या सवयींतही वेगळी असतात, सरासरीने दारू जास्त, कॉफी जास्त, भाज्या फळं कमी. आता कॉफी पिणारे हजार आणि न पिणारे हजार घेतले आणि सिगरेटचं विचारलंच नाही, तर कॉफीवाल्यांत हार्ट अटॅक जास्त दिसतील, आणि खापर फुटेल कॉफीच्या डोक्यावर. चोर सोडून संन्याशाला सुळी. म्हणून ओढणाऱ्यांची तुलना ओढणाऱ्यांशी आणि न ओढणाऱ्यांची न ओढणाऱ्यांशी, तेही किती आणि किती वर्षं ते बघून, अशी करतात. वजा करणं म्हणजे ढोबळ मानाने एवढंच.

पण ते वजा करणं रकान्यातल्या उत्तराइतकंच खरं असतं हो. लोकांनी १५ च्या जागी ५ लिहिल्या तर उरलेल्या १० चं पाप दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर जातं.

ह्यातली सगळ्यात जिवाला लागणारी गोष्ट बीटा कॅरोटिनची, म्हणजे गाजरासारख्या भाज्यांतल्या ज्या द्रव्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं त्याची. ज्यांच्या आहारात आणि रक्तात बीटा कॅरोटिन जास्त, त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी, असं बऱ्याच अभ्यासांत दिसत होतं. सिगरेट ओढणाऱ्यांच्या रक्तात ते मुळातच कमी असतं ही मेख होती, ती आकडेमोडीत कितीही सोडवली तरी पूर्ण सुटत नव्हती, म्हणून सरळ प्रयोग करायचं ठरलं. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष, सगळे सिगरेट ओढणारे, वय ५० ते ६९, काहींना रोज बीटा कॅरोटिन, काहींना नुसती दिसायला तशीच गोळी. १९९४ ला निकाल आला, बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. जास्त! अमेरिकेत ओढणारे, पूर्वी ओढणारे आणि अॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले अशा १८,३१४ लोकांवर बीटा कॅरोटिन आणि व्हिटॅमिन ए एकत्र देऊन तसाच प्रयोग चालू होता, तिथेही २८ टक्के जास्त निघाला आणि १९९६ ला तो मुदतीआधी थांबवला. जी गोळी संरक्षण म्हणून दिली तीच ओढणाऱ्यांना बाधली. म्हणून आजही ओढणाऱ्यांना बीटा कॅरोटिनच्या जादा गोळ्या घेऊ नका असं सांगतात, आणि दुकानातून व्हिटॅमिनची बाटली घेताना हे किती जणांना माहीत असतं?

मुळात सिगरेटवरच बोट ठेवलं गेलं तेही नीट विचारलेल्या प्रश्नांमुळेच. लंडनच्या हॉस्पिटलांत रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे दोन संशोधक फुप्फुसाचा कॅन्सर का वाढतोय ते शोधत होते. डॉल यांना आधी संशय होता तो रस्त्यावरच्या डांबराचा आणि मोटारींच्या धुराचा. पेशंटना एकेक करून सगळं विचारलं. १९५० ला छापलं त्यात फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्या ६४९ पुरुषांत कधीच न ओढणारे फक्त २ निघाले, आणि दुसऱ्या आजारांच्या तितक्याच पुरुषांत २७. डॉल स्वतः ओढायचे, ते काम पुरं व्हायच्या आतच त्यांनी सोडली. पुढे १९५१ ला त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवली, तुम्ही ओढता का, किती, आणि त्यातल्या ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या मागे हा अभ्यास २००१ पर्यंत, ५० वर्षं, चालला. आयुष्यभर ओढणाऱ्यांचं आयुष्य साधारण १० वर्षांनी कमी भरलं. ६० व्या वर्षी सोडणाऱ्याला त्यातली ३ वर्षं परत मिळाली, ५० ला ६, ४० ला ९, आणि ३० ला सोडली तर जवळजवळ सगळी. ‘आता ह्या वयात सोडून काय उपयोग’ असं कुणी म्हटलं की मी त्यांना हेच आकडे सांगते.

प्रश्न : सिगरेट ओढणाऱ्यांना पार्किन्सन्स, तो हात थरथरण्याचा मेंदूचा आजार, कमी होतो असा मेसेज फिरतोय. खोटाच असेल ना?

उत्तर : नाही, आकडा खोटा नाही, बऱ्याच अभ्यासांत तसं दिसलंय. अर्थ मात्र मेसेजमध्ये लावलाय तसा सरळ नाही. एक शक्यता अशी की ज्यांना पुढे पार्किन्सन्स व्हायचा असतो त्यांच्या मेंदूत आधीपासूनच सिगरेटची ओढ कमी असते, ते सहज सोडतात. सुरुवातीच्या टप्प्यातल्या पेशंटना निकोटिनचे पट्टे लावून प्रयोगही झाला, २०२३ ला निकाल आला, आजाराची चाल काही मंदावली नाही. त्या मेसेजच्या भरवशावर कुणी पाकीट उघडू नये.

प्रश्न : माझा दीर रोज दोनच ओढतो. विम्याच्या फॉर्मवर ‘नाही’ लिहिणार म्हणतो, दोन म्हणजे काही ओढणं नव्हे असं त्याचं म्हणणं. तपासणीत कळतं का?

उत्तर : कळतं. निकोटिनचं शरीरात कोटिनिन बनतं, ते दर १६ ते २० तासांनी निम्मं होत जातं, म्हणजे दोनतीन दिवसांनंतरही रक्तात, लघवीत, लाळेत सापडू शकतं. पण पकडलं जाईल म्हणून खरं लिहा असं मी सांगणार नाही. दोन म्हणजे काही नव्हे, हेच चूक आहे. २०१८ ला १४१ अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा रोज फक्त एक सिगरेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जादा धोका हा २० ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा निघाला. विसावा हिस्सा नव्हे, निम्मा. दिराला सांगा, उद्या छातीत दुखलं म्हणून हॉस्पिटलात गेलात तर तिथेही डॉक्टर हेच विचारतील.

प्रश्न : मॅडम मी तंबाखू खातो, धूर नाही. कंपनीच्या तपासणीत फॉर्मवर ‘स्मोकिंग?’ असंच होतं, मी ‘नाही’ वर टिक केली. चुकलं का माझं?

उत्तर : तुमचं नाही चुकलं, फॉर्मचं चुकलं. अशा फॉर्मांमुळे खाणारी माणसं कागदावर तंबाखूमुक्त दिसतात आणि संशोधनात न घेणाऱ्यांच्या गटात जाऊन बसतात, मग दोन गटांतला फरकच पुसट होतो. चघळायच्या तंबाखूतही कॅन्सर करणारे नायट्रोसामाइन असतात, आणि ती तर तासन् तास एकाच जागी गालाला लागून असते. कोटिनिन तपासलं तर तुमचंही ओढणाऱ्याइतकं येऊ शकतं. पुढच्या वेळी टिकच्या शेजारी पेनाने लिहा, ‘तंबाखू खातो, दिवसातून इतक्या वेळा, अमुक सालापासून’. आणि आज आरशासमोर उभं राहून, टॉर्च घेऊन, जिथे तंबाखू ठेवता तो गाल बोटाने बाहेर ओढून बघा, हिरडीजवळची बाजू आणि जिभेखालची जागासुद्धा. पांढरा किंवा लाल चट्टा, २ आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, ह्यातलं काहीही दिसलं तर दुखत नाही म्हणून थांबू नका, दातांच्या डॉक्टरांकडे जा, आणि काय दिसलं ते मला परत लिहून कळवा.