प्रसिद्धीला वैतागलेले कलाकार: सुरुवात कुठून करावी?

प्रसिद्धीला वैतागलेल्या गायक-वादकांच्या तक्रारी समजून घ्यायच्या, हा विषय छान निवडलास. 'एवढा पैसा मिळतो, मग रडतात कशाला?' असं प्रत्येकालाच आधी वाटतं. पण सगळ्या तक्रारी एकाच तराजूत तोलू नकोस, नवे श्रोते तिथेच फसतात. तक्रार नेमकी कशाची आहे ते बघ.

१. आधी बीटल्स, इंग्लंडचा चौघांचा रॉक बँड. १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर सुमारे ५५ हजार लोक होते, आणि किंकाळ्या इतक्या की चौघांना स्वतःचंच वाजवणं धड ऐकू येईना. स्टेजवर कलाकारांकडे तोंड केलेले मॉनिटर स्पीकर तेव्हा नव्हते. ऑगस्ट १९६६ नंतर त्यांनी दौरेच थांबवले. याला माज म्हणू नकोस. आपलाच सूर कानावर येत नसेल तर वाजवणाऱ्याने करायचं काय?

२. मग पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'द वॉल' हा अल्बम (१९७९). १९७७ मध्ये माँट्रियलच्या कार्यक्रमात बँडमधला रॉजर वॉटर्स एका चाहत्यावर थुंकला. त्याची त्यालाच लाज वाटली आणि त्यातून कलाकार आणि श्रोते यांच्यातल्या भिंतीची कल्पना आली. इथे राग स्वतःवरही आहे, हे ध्यानात ठेवून ऐक.

३. अमेरिकन पॉप गायिका चॅपल रोनने २०२४ मध्ये चाहत्यांना 'मला हात लावू नका, घरच्यांना त्रास देऊ नका' असं स्पष्ट सांगितलं. याला नखरे म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. ही भीती पोकळ नाही: १९८० साली बीटल्समधल्या जॉन लेननचा ज्याने खून केला, त्याने त्याच दिवशी लेननची सही घेतली होती.

चरित्रं, मुलाखती आत्ता राहू देत. 'द वॉल' मात्र सलग ऐक, तुकड्यातुकड्याने नको. काही अडलं तर बिनधास्त विचार.