वाचकांचे प्रश्न : कंट्री संगीताचा पहिला फिडलवादक

प्रश्न : अमेरिकन कंट्री संगीताची पहिली ध्वनिमुद्रिका एका फिडलवादकाची (फिडल म्हणजे लोकसंगीतात वाजवले जाणारे व्हायोलिन) होती, असे वाचले. तो कोण होता आणि पुढे त्याचे काय झाले?

उत्तर : आपण ‘एक’ (Eck) रॉबर्टसन यांच्याविषयी विचारत आहात. १८८७ साली आर्कान्सॉत जन्मलेले आणि टेक्ससमध्ये वाढलेले रॉबर्टसन पियानो सुरात लावून देण्याचा व्यवसाय करीत. १९२२ च्या जून महिन्यात ते आणि वयोवृद्ध फिडलवादक हेन्री गिलिलँड न्यूयॉर्कला व्हिक्टर या ध्वनिमुद्रण कंपनीत जाऊन धडकले. ३० जूनला दोघांचे एकत्र वादन मुद्रित झाले आणि १ जुलैला रॉबर्टसन यांनी एकट्याने ‘सॅली गुडन’ वाजवले. ते जरूर ऐकावे. तारा नेहमीपेक्षा वेगळ्या सुरांत लावलेल्या असल्याने मोकळी तार तंबोऱ्यासारखी सतत घुमत राहते आणि तिच्या आधाराने एकच छोटी धून दरवेळी नव्या वळणाने परत येते. बोटांची ती सफाई आणि गजाचा तो जोर शंभर वर्षांनंतरही थक्क करतो.

एवढी दमदार सुरुवात होऊनही व्हिक्टरने त्यांना पुन्हा मुद्रणासाठी बोलावले ते थेट १९२९ साली, आणि ही उपेक्षा मला आजही खटकते. सुदैवाने साठच्या दशकात माइक सीगर यांच्यासारखे तरुण वादक त्यांच्या घरी पोहोचले, त्यांचे वादन नव्याने मुद्रित झाले आणि १९६५ च्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात ते वाजवू शकले. १९७५ साली त्यांचे निधन झाले.