ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीताची जुनी रेकॉर्ड खरंच दुर्मीळ आहे की नुसतीच जुनी, हे कसं ओळखायचं?
वयावर जाऊ नका, आधी लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं नाव, बघा. गायिका बेसी स्मिथच्या कोलंबिया कंपनीच्या तबकड्या १९२० च्या दशकात प्रचंड खपल्या, म्हणून आजही सहज सापडतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या पॅरामाउंट कंपनीने १९३०-३१ मध्ये सन हाउस, स्किप जेम्स या गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली ती ऐन महामंदीत. घ्यायला गिऱ्हाईकच नव्हतं! त्यातल्या काहींच्या बोटांवर मोजण्याइतक्याच प्रती उरल्यात. गायक टॉमी जॉन्सनची पॅरामाउंट क्रमांक १२९५० ही तबकडी २०१३ मध्ये ३७,१०० डॉलरला गेली.

मग अवस्था. टॉर्चचा उजेड तिरका पाडा. खाचा करड्या दिसल्या तर सुईने झिजल्यात. पॅरामाउंटच्या तबकड्यांचा आवाज मुळातच खरखरीत, त्यामुळे दुर्मीळ प्रत थोडी घासलेलीही चालते. तडा मात्र भाव पाडतो. आणि कृपा करून स्पिरिटने पुसू नका, या तबकड्या ज्या लाखेच्या (शेलॅक) असतात ती विरघळते.