कोलंबसमध्ये हिवाळ्यात नदीवर सॉगाय कसे पकडावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून ओहायोत कोलंबसला आलात, उन्हाळ्यात तळ्यावर ब्लूगिल आणि बास सहज लागले, पण डिसेंबरात सायोटो नदीवर गळ टाकून बसलात तर एकही मासा लागला नाही. लोक तर म्हणतात सॉगायचा खरा हंगाम थंडीचाच. मग हे मासे असतात कुठे आणि धरायचे कसे?

लोक खरं सांगतात. मी मूळचा चिपळूणचा, गरवण्याची सवय लहानपणापासूनची, आणि इथल्या नदीवरचे माझे सगळ्यात आवडते महिने नोव्हेंबर ते मार्च हेच आहेत. थंडीत सॉगाय खायचं थांबवत नाही, धावायचं थांबवतो. उन्हाळ्यात आमिषामागे दहा-बारा हात येणारा मासा पाणी ४ अंश सेल्सिअसच्या आसपास (इथल्या हिशेबात ३९-४० फॅरनहाइट) आलं की अगदी तोंडासमोरून हळू गेलेलंच उचलतो. प्रवाहाशी झुंजायला त्याच्याकडे ताकद उरत नाही. म्हणून नदीचा बराचसा भाग रिकामा पडतो आणि थोड्याशा संथ, खोल जागांत मासे दाटीवाटीने बसतात. तुम्ही बहुधा रिकाम्या पाण्यात गळ टाकत होतात.

सॉगाय इथे आला कसा हे कळलं की जागाही आपोआप कळतात. वॉलाय आणि सॉगर हे एकमेकांच्या नात्यातले दोन मासे; वॉलायच्या मादीची अंडी आणि सॉगरच्या नराचं वीर्य एकत्र करून राज्याच्या मत्स्यबीज केंद्रांत हा संकर तयार करतात आणि जलाशयांत सोडतात. गढूळ, उथळ पाण्यात तो वॉलायपेक्षा चांगला तगतो, वाढतोही भरभर. पण पूर आला की धरणावरून पाण्याबरोबर मासेही खाली येतात, आणि एकदा खाली आले की वर जायला वाट नाही. धरणाच्या पायथ्याशी ते साचत जातात. म्हणून सायोटोवरची ओ'शॉनेसी आणि ग्रिग्ज धरणं, बिग वॉलनट क्रीकवरचं हूवर आणि ॲलम क्रीकचं धरण, या चारही ठिकाणी धरणाच्या खालचं पाणी आधी बघा. (हूवर हे नाव राष्ट्राध्यक्षांचं नव्हे, कोलंबसच्या पाणीपुरवठा खात्यात आयुष्य घालवलेल्या दोन भावांचं आहे. मला ही गोष्ट फार आवडते.) शहराच्या मध्यभागी मेन स्ट्रीटचा बंधारा २०१३ मध्ये काढून टाकला, तेव्हापासून तिथे पुन्हा वाहती नदी आहे, तीही पायी फिरून पाहण्यासारखी.

धरणाखाली पोचलात की पांढऱ्या फेसात गळ टाकू नका. फेसाच्या कडेला बघा. जोरात वाहणारं पाणी आणि जवळपास थांबलेलं पाणी यांच्यामध्ये एक रेघ दिसते; पानं आणि फेसाचे बुडबुडे त्या रेघेवर रेंगाळतात, काही तर उलटे वर सरकतात. सॉगाय त्या रेघेच्या संथ बाजूला, तळाला टेकून, तोंड प्रवाहाकडे करून बसतो. खाणं वाहत येतं, हा फक्त मान वळवतो. पुलाच्या खांबांमागे, काठाच्या भिंतीला पाणी वळसा घेतं तिथे, नदीच्या बाहेरच्या वळणावरच्या डोहात, अशाच जागा सापडतील.

आता आमिष. पाव औंसाचं किंवा त्याहून हलकं जिग (डोक्याशी वजन ओतलेला गळ) आणि त्यावर तीन इंची मऊ प्लास्टिकची मासोळी, एवढ्यावर सगळा हिवाळा निघतो. प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकं फेका, तळाला टेकू द्या. मग दांडीचं टोक वीतभर उचला आणि दोर अगदी सैल न सोडता जिग परत खाली जाऊ द्या. जिग तळाला लागल्याची बारीक टिकटिक बोटाला कळली पाहिजे. कळत नसेल तर थोडं जड घ्या, दर फेकीला दगडात अडकत असेल तर हलकं. थंडीतला सॉगाय हिसका देत नाही. जिग पडत असताना मध्येच थांबल्यासारखं होतं, किंवा उचलताना ओलं फडकं अडकल्यासारखं जड लागतं. शंका आली की ओढा, विचार करत बसू नका. पुष्कळ मासे आपल्या नकळत आमिष तोंडात घेऊन सोडून देतात.

दुसरा प्रकार म्हणजे पाण्यात अधांतरी राहणारा जर्कबेट, म्हणजे झटके देऊन चालवायची माशाच्या आकाराची कडक नकली मासोळी. नोव्हेंबरात अंधार पडल्यावर सॉगाय खडकाळ, उथळ काठाला खायला येतात, तेव्हा याच्यासारखं काही नाही. दोन हलके झटके द्या आणि थांबा. नोव्हेंबरात पाच सेकंद पुरतात, जानेवारीत पंधरा-वीस सेकंदही थांबावं लागतं. एवढा वेळ हात गप्प ठेवणं सगळ्यात अवघड, आणि नेमका त्याच वेळी मासा लागतो. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा: गार पाणी जास्त घन असतं, त्यामुळे उन्हाळ्यात अधांतरी राहणारा जर्कबेट थंडीत हळूहळू वर तरंगायला लागतो. गळाच्या दांड्याला शिशाची बारीक तार गुंडाळली की तो पुन्हा जागच्या जागी थांबतो.

वेळेच्या बाबतीत मी हट्टी आहे. सॉगायच्या डोळ्यात मांजरासारखा चकाकणारा पडदा असतो, अंधुक उजेडात त्याला लहान माशांपेक्षा बरंच चांगलं दिसतं. म्हणून सूर्य मावळायच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचे दोन तास हेच सोन्याचे. ढगाळ दिवशी किंवा पाणी थोडं गढूळ असताना दुपारीही लागतात. निघण्याआधी यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) संकेतस्थळावर त्या नदीचा प्रवाह बघा. पाऊस होऊन गेला आहे, पाणी उतरतंय आणि पाण्यात फूटभर खोलपर्यंतचं दिसतंय, अशी वेळ आली तर घरची कामं उद्यावर टाका. चॉकलेटी रंगाचं चढतं पाणी असेल तर घरीच थांबा.

कडाक्याच्या थंडीत गिझर्ड शॅड नावाचे चंदेरी मासे गारठून मरायला लागतात. अर्धमेले शॅड प्रवाहात लटपटत वाहताना दिसले तर तिथून हलू नका, खाली सॉगाय त्यांचीच वाट बघत असतो. जिग जितकं निर्जीव चालवाल तितकं बरं.

दांडीच्या कड्यांत बर्फ धरला तर बोटांनी फोडू नका, टोक मोडतं. टोक पाण्यात बुडवून धरा, नदीचं पाणी बर्फापेक्षा गरमच असतं. विणलेला दोर पाणी शोषून लवकर गोठतो, म्हणून कडक थंडीत मी साधा सहा ते आठ पौंडी नायलॉनचा दोर वापरतो.

आता जे सांगतोय ते मासे न मिळाले तरी पाळा. कोलंबसमधल्या सायोटोवरच्या ग्रीनलॉनसारखे बुटके बंधारे दिसायला अगदी निरुपद्रवी असतात. चार फुटांवरून पाणी पडतंय, एवढंच दिसतं. पण त्याच्या पायथ्याशी पाणी गोल फिरत राहतं आणि आत गेलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडे ओढून खाली दाबतं. पट्टीचे पोहणारे यात गेले आहेत. बंधाऱ्याच्या जवळ पाण्यात उतरायचं नाही, एक पाऊलही नाही. थंड पाण्यात पडलं की पहिल्याच मिनिटाला श्वास अनावर होतो, हातपाय त्यानंतर लगेच गळतात. लाइफ जॅकेट घाला, बुटांना बर्फावरचे काटे लावा, काठावरच्या बर्फाच्या पापुद्र्यावर उभे राहू नका आणि रात्री एकटे जाऊ नका. जोडीदार मिळत नसेल तर तो दिवस सोडा.

मासा हातात आला की पाठीचा काटेरी पर बघा. वॉलायच्या परावर ठळक ठिपके नसतात, मागच्या टोकाला एक काळा डाग असतो आणि शेपटीचं खालचं टोक पांढरं असतं. सॉगरच्या परावर गोल ठिपक्यांच्या ओळी असतात. सॉगायच्या परावर काट्यांच्या मध्ये लांबट काळे पट्टे दिसतात. जबड्यात बोट घालू नका, दात तीक्ष्ण असतात. १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला लायसन्स लागतं. दिवसाची मर्यादा या तिन्ही जातींची मिळून असते आणि काही पाण्यांत किमान लांबीचाही नियम आहे, तेव्हा राज्याच्या वन्यजीव खात्याच्या हंटफिश ओएच ॲपवर तुमच्या जागेचे नियम बघून घ्या. खाण्याबाबत राज्याचा सर्वसाधारण सल्ला आठवड्याला एका जेवणाचा आहे, काही नद्यांसाठी त्याहून कडक. चव मात्र उत्तम. मांस पांढरं, काटे मोजके; हळद, तिखट, आगळ लावून रव्यात घोळवून तळा.

जानेवारीत सुरुवात करायला धीर होत नसेल तर मार्चअखेरची वाट बघा. पाणी ७ ते १० अंशांवर गेलं की सॉगाय अंडी घालायच्या ओढीने वरच्या अंगाला निघतात आणि पहिल्या पावसात चढणीचे मासे बंधाऱ्याशी अडावेत तसे धरणाखाली अडतात. नवख्याला सगळ्यात सोपा काळ तो. तुम्ही डब्लिनच्या बाजूला राहत असाल तर ओ'शॉनेसीच्या खाली जा, वेस्टरव्हिलकडे असाल तर हूवर. पहिल्या खेपेला दिवसाउजेडी जाऊन रेघ कुठे पडते, पाय कुठे ठेवता येतो, एवढं बघून ठेवा आणि मग संध्याकाळी गळ टाका.