ई-सिगारेटमध्ये काहीच जळत नाही, मग एवढा पांढरा धूर येतो कुठून?

तो धूर नाहीच, आणि खरं तर नुसती वाफही नाही. ते द्रवाचे अतिशय बारीक थेंब असतात.

आतल्या द्रवात मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं, सोबत निकोटिन आणि वासाची द्रव्यं. कापसाची वात हा द्रव शोषून तारेच्या वेटोळ्यापर्यंत नेते. झुरका घेतला की बॅटरीवर तार तापते आणि द्रवाची वाफ होते. ही वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती लगेच थंड हवेत मिसळते, तिचे कण बनतात आणि त्यांच्यावर प्रकाश विखुरला की पांढरा ढग दिसतो. घरी चहाची किटली उकळताना नीट बघा: तोटीच्या अगदी तोंडाशी काही दिसत नाही, पांढरट ढग जरा पुढे सुरू होतो. तसंच हे. ग्लिसरीन जास्त असेल तर ढग दाट होतो. दादर-पार्ल्याच्या नाट्यगृहांत रंगमंचावर धुकं सोडणारी यंत्रंही बहुतेकदा असाच द्रव तापवतात.

लोकलच्या दारात किंवा कॉलेजच्या कट्ट्यावर मुलं सांगतात, ‘अरे, पाण्याची वाफ आहे ही.’ हे साफ चूक आहे. त्या थेंबांतून निकोटिन थेट फुप्फुसात जातं, द्रव फार तापला तर फॉर्मल्डिहाइड हे विषारी रसायनही तयार होतं. तुमच्या ओळखीत कुणी शाळकरी मूल ओढत असेल तर त्याला एवढं तरी जरूर सांगा.

आणि हो, 2019च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.