ग्राहकांचे प्रश्न : गळका तंबू

प्रश्न : जांबोटीच्या जंगलात मुक्कामासाठी ऑनलाइन मागवलेला ‘वॉटरप्रूफ’ तंबू पहिल्याच पावसात गळला. दिल्लीचा विक्रेता आता दाद देत नाही. खानापूरहून मी काय करावे? 

उत्तर : तक्रार बेळगावातच करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, त्यामुळे दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत. शिवणींवर आतून पट्टी नसेल, तर कापड कितीही चांगले असले तरी सुईच्या भोकांतून पाणी झिरपतेच. म्हणून शिवणींचे जवळून फोटो काढा आणि जाहिरात पुसली जाण्याआधी तिची प्रत ठेवा. भर पावसात, रानात माणसाला भिजत ठेवणारी ही फसवणूक मुळीच किरकोळ नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण बंधनकारक आहे. टाळाटाळ झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. आयोगाकडे मात्र दोन वर्षांच्या आत जा.